एकाच चित्रीकरणातून दोन माहितीपट : 'लेट इट बी' खरा मानावा की 'गेट बॅक'?

मंद्रसप्तक यांचा प्रश्न :

नमस्कार. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार) जानेवारी १९६९ मधल्या तालमींवर दोन माहितीपट आहेत, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. मायकेल लिंडसे-हॉग यांचा 'लेट इट बी' मे १९७० मध्ये प्रदर्शित झाला आणि तो जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे. पीटर जॅक्सन यांचा 'गेट बॅक' नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन भागांत आला आणि तो पावणेआठ तासांहूनही किंचित लांब आहे. दोहोंची मूळ सामग्री मात्र एकच आहे : साधारण साठ तासांचे चित्रीकरण आणि दीडशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण, जे सगळे लिंडसे-हॉग यांच्याच पथकाने त्या महिन्यात केले होते. जॅक्सन यांनी नवा एकही प्रसंग चित्रित केलेला नाही, की कोणा जाणकाराला खुर्चीत बसवून त्याच्याकडून आठवणी वदवून घेतलेल्या नाहीत.

माझी अडचण अशी आहे की, जुना माहितीपट पाहून मनात राहते ते थकलेल्या आणि एकमेकांना कंटाळलेल्या चौघांचे चित्र. आणि नवा पाहून उठताना वाटते की ही मंडळी तर दिवसभर थट्टामस्करी करीत, शाळकरी वयातली गाणी मध्येच वाजवीत, बऱ्यापैकी मजेत कामाला लागली होती. लंडनमधल्या ट्विकनहॅमच्या स्टुडिओत ६ जानेवारीला जॉर्ज हॅरिसन आणि पॉल मॅकार्टनी यांच्यात जी खडाखडी होते, म्हणजे 'तुला हवे तसे वाजवतो, आणि नकोच असेल तर वाजवतच नाही' अशा अर्थाचे जॉर्ज ज्यात बोलून जातो, ती दोन्हीकडे आहे. जुन्यात ती फुटीची पहिली ठिणगी वाटते, तर नव्यात एका लांबलेल्या, कंटाळवाण्या तालमीतला एक तुकडा.

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एकाच सामग्रीतून इतके वेगळे निष्कर्ष निघत असतील, तर दोघांपैकी कोणीतरी आपली दिशाभूल करीत आहे असे समजायचे का? आणि नव्या माहितीपटात एखादा माणूस पाठमोरा बसलेला असताना त्याचे बोलणे ऐकू येते, तेव्हा तो त्याच क्षणी तेच बोलत होता, ही खात्री कितपत धरावी?

संकलन_टेबल यांचे उत्तर :

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे निम्मे उत्तर त्यातच आहे. मी स्वतः चित्रपट-संकलनाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे थोडे तांत्रिक झाल्यास चालवून घ्यावे.

चित्रीकरण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, बहुतेक वेळ दोन कॅमेऱ्यांनी झाले. त्या कॅमेऱ्याच्या चारशे फुटी रिळावर साधारण अकरा मिनिटे मावतात आणि मग रीळ बदलावे लागते. शिवाय फिल्म महाग असल्यामुळे कॅमेरा सतत चालू ठेवणे परवडत नाही. आवाजाचे तसे नव्हते. तो नाग्रा नावाच्या दोन सुट्या टेपयंत्रांवर, एकाच मोनो पट्टीवर मुद्रित होत होता. एका यंत्राची टेप सोळाएक मिनिटांत संपत आली की दुसरे सुरू करायचे, अशी सोय केलेली असल्याने ध्वनिमुद्रण जवळजवळ अखंड चालू राहिले. साठ तास चित्र आणि दीडशे तास आवाज या तफावतीचे मूळ इथे आहे. आता हिशेब सरळच आहे : जितके बोलणे टेपवर आहे, त्याच्या निम्म्याहून अधिक बोलण्याला त्या क्षणाचे चित्रच अस्तित्वात नाही. जॅक्सन आणि त्यांचे संकलक जेबेझ ओल्सन यांनी अशा ठिकाणी त्याच दिवसांतली, शक्यतो त्याच मांडणीतली दृश्ये वापरली आहेत. म्हणून पाठमोरी माणसे, दुरून घेतलेली दृश्ये, चहाचे कप आणि नुसतीच ऐकणारी तोंडे इतकी दिसतात. आपली शंका रास्त आहे. ओठ दिसत नसतील तेथे चित्र हे बोलण्याचा पुरावा नसून केवळ सोबत आहे, असे धरून चालावे.

परंतु जेथे चित्र मुळीच नाही, तेथे त्यांनी लपवाछपवी केलेली नाही. जॉर्ज बँड सोडून गेल्यानंतर, १३ जानेवारीला, जॉन लेनन आणि पॉल उपाहारगृहात बसून बोलले. लिंडसे-हॉग यांनी तेथील फुलझाडाच्या कुंडीत मायक्रोफोन दडवून ठेवला होता आणि त्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता. (असे चोरून ऐकणे शिष्टसंमत आहे की नाही, हा वाद येथे नको.) त्या संभाषणाचे एकही दृश्य नसल्यामुळे जॅक्सन यांनी पडद्यावर चक्क शब्द लिहून दाखवले आहेत. मला तो संपूर्ण माहितीपटातला सर्वांत प्रामाणिक तुकडा वाटतो.

आवाजाबद्दल आणखी एक. मोनो पट्टीवर गिटार, ड्रम आणि बोलणे हे सगळे एकातच मिसळलेले असते आणि जुन्या कोणत्याही उपकरणाने ते वेगळे काढता येत नसे. जॅक्सन यांच्या पथकाने यंत्राला प्रत्येक वाद्य आणि प्रत्येकाचा आवाज ओळखायला शिकवून ही गाठ सोडवली. या मंडळींना आपले बोलणे टेपवर जाते आहे हे ठाऊक असे, आणि काही खासगी बोलायचे झाले की ती हातातली गिटार उगाच छेडत बसत, असे जॅक्सन यांनी मुलाखतींत सांगितले आहे. ती गिटार आता पुसता आली आणि खालचे संभाषण वर आले. लिंडसे-हॉग यांना १९७० मध्ये जे ऐकणेच शक्य नव्हते, ते त्यांनी का दाखवले नाही, असे विचारणे त्यांच्यावर अन्यायाचे होईल.

दिशाभुलीचा मुद्दा राहिला. काळाची उलटापालट नव्याइतकीच जुन्यातही आहे. 'टू ऑफ अस', 'लेट इट बी' आणि 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' ही तीन गाणी लंडनच्या सॅव्हिल रो येथील बँडच्या कार्यालयाच्या तळघरात ३१ जानेवारीला चित्रित झाली, म्हणजे त्याच इमारतीच्या गच्चीवर बँडने केलेल्या प्रसिद्ध मैफलीच्या दुसऱ्या दिवशी. पण जुन्या माहितीपटात ती मैफलीच्या आधी येतात, कारण गच्चीवर शेवट करणे नाट्यदृष्ट्या उघडच अधिक परिणामकारक होते. जॅक्सन निदान दिनदर्शिका समोर ठेवून एकेक तारीख खोडत पुढे जातात.

तिसरी_घंटा यांचे उत्तर :

संकलन_टेबल यांनी यंत्रांची बाजू उत्तम मांडली आहे, पण जुना माहितीपट उदास का वाटतो याचे कारण मला त्याच्या संकलनापेक्षा त्याच्या तारखेत अधिक दिसते. चित्रीकरण जानेवारी १९६९ चे आणि प्रदर्शन १३ मे १९७० चे. मधल्या काळात 'अ‍ॅबी रोड' हा संपूर्ण अल्बम मुद्रित होऊन सप्टेंबर १९६९ मध्ये बाजारात आला आणि गाजला. त्यानंतर १० एप्रिल १९७० च्या वर्तमानपत्रांत पॉल वेगळा झाल्याची बातमी झळकली. म्हणजे चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षक महिन्याभरापूर्वीच घर मोडल्याचे वाचून आला होता आणि पडद्यावर त्याची कारणे शोधत होता. अशा नजरेला जॉर्ज आणि पॉल यांची ती खडाखडी पुराव्यासारखी दिसली, तर नवल नाही. वस्तुतः त्या दिवसानंतर याच चौघांनी आणखी एक उत्कृष्ट अल्बम केला.

आता गंमत पाहा. ज्या माहितीपटाला आपण 'फुटीचा माहितीपट' म्हणत आलो, त्यात फुटीची खरी घटना नाहीच. जॉर्ज १० जानेवारीला दुपारच्या जेवणाच्या सुमारास बँड सोडून निघून गेला. नंतरच्या एका बैठकीत त्याने परतण्यासाठी अट घातली की जाहीर कार्यक्रमाचा बेत सोडावा आणि ट्विकनहॅमचे ते थंडगार, गोदामासारखे दालनही सोडावे. त्याप्रमाणे २१ जानेवारीपासून सगळे जण सॅव्हिल रोच्या तळघरात आले. यातले काहीही 'लेट इट बी'त नाही. 'गेट बॅक'मध्ये ते सगळे आहे; जॉर्ज न परतल्यास गिटारवादक एरिक क्लॅप्टनला बोलवू, असे जॉन म्हणतो तेही आहे. १३ जानेवारीच्या सकाळी पॉल आणि रिंगो स्टार असे दोघेच आलेले असतात; आता दोघेच उरलो, अशा अर्थाचे काहीतरी पॉल पुटपुटतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. डोळे भरून आलेले स्पष्ट दिसतात. ज्यांना जॅक्सन यांचा माहितीपट गोडगोड वाटतो, त्यांनी पहिल्या भागाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात पुन्हा पाहावी.

त्याच सकाळी पॉल आणखी एक गोष्ट बोलून जातो : योको (जॉनची प्रेयसी योको ओनो) एका अ‍ॅम्प्लिफायरवर बसली म्हणून ही मंडळी फुटली, असे पन्नास वर्षांनी लोक म्हणतील आणि ते किती हास्यास्पद वाटेल. बावन्न वर्षांनी ते वाक्य प्रेक्षकांसमोर आले आणि मधल्या काळात लोकांनी नेमके तेच म्हटले होते.

बिनआवाजी यांचे उत्तर :

वरील दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, तरी जॅक्सन यांच्या बाजूने पारडे जरा जास्तच झुकले आहे असे वाटते.

'गेट बॅक'च्या निर्मात्यांची नावे वाचावीत. त्यांत पॉल मॅकार्टनी, रिंगो स्टार, योको ओनो आणि जॉर्जच्या पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन ही चारही नावे आहेत. ज्यांच्यावर माहितीपट आहे तेच त्याचे निर्माते असतील, तर दिग्दर्शकाला कितीही मोकळीक मिळाल्याचे सांगितले गेले तरी प्रेक्षकाने एक डोळा उघडा ठेवावा. अर्थात हेच माप 'लेट इट बी'लाही लावले पाहिजे, कारण त्याची निर्मितीही बँडच्याच अ‍ॅपल कंपनीची होती, आणि जॉर्ज निघून गेल्याचा भाग त्यात नसण्याचे कारण दिग्दर्शकाला तो महत्त्वाचा वाटला नाही हे असूच शकत नाही.

माझा दुसरा आक्षेप चित्राबद्दल आहे. वेलिंग्टनच्या पार्क रोड पोस्ट या संस्थेने केलेले शुद्धीकरण रंगांच्या बाबतीत डोळे दिपवणारे आहे, पण फिल्मचा नैसर्गिक दाणा इतका घोटून काढला आहे की काही दृश्यांत चेहरे मेणाचे वाटतात. तिथल्याच लोकांनी जुन्या माहितीपटाचेही शुद्धीकरण केले आणि तो मे २०२४ मध्ये, कितीतरी वर्षांच्या अज्ञातवासानंतर, पुन्हा पाहायला मिळाला. त्यात फिल्म फिल्मसारखी दिसते आणि मला तरी ती मंडळी अधिक जिवंत वाटतात. हा माझा जुनाट स्वभावही असू शकेल.

आणि लांबीबद्दल एक शब्द. 'गेट बॅक' हे मुळात चित्रपटगृहासाठी होते आणि सप्टेंबर २०२० मध्ये येणार होते. महासाथीमुळे ते पुढे गेले, संकलकांना वेळ मिळाला आणि एका चित्रपटाची मालिका झाली. 'गेट बॅक' हे गाणे पॉलच्या बेस गिटारमधून आपल्यासमोर आकार घेते, ती दोनतीन मिनिटे कितीही वेळा पाहावीत. पण त्यासाठी एकाच ओळीची पंधरावी खेप सर्वांनाच ऐकवली पाहिजे, असे नाही.

मंद्रसप्तक यांचा प्रतिसाद :

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. पंधराव्या खेपेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ज्यांनी कधी वाद्य हाती धरले आहे त्यांना तीच खरी मेजवानी वाटते, कारण एरवी आपल्यापर्यंत फक्त पक्के झालेले गाणे पोहोचते.

आणखी एक जिज्ञासा. जॉर्जचा राग निव्वळ त्या खडाखडीचा नव्हता, हे आता पटले. मग तो नेमका कशाचा होता? माहितीपटांत त्याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी येते आणि हातातून निसटते.

फोर्ट_परिसर यांचे उत्तर :

जॉर्जच्या रागाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो, म्हणून लिहितो.

या तालमींच्या बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी १९६८ मध्ये, जॉर्ज मुंबईत होता. एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे काम त्याच्याकडे होते आणि त्यातला भारतीय वाद्यांचा भाग त्याने फोर्टमधल्या सर फिरोजशाह मेहता मार्गावरील एच. एम. व्ही. या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत मुद्रित केला. तेथे तेव्हा मोनो यंत्रच होते. त्याच्यासाठी दोन पट्ट्यांचे स्टिरिओ यंत्र कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने आणवले, ही आठवण स्वतः जॉर्जनेच पुढे सांगितली आहे. स्टुडिओची खोली पुरेशी ध्वनिबंद नसल्यामुळे रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाजही आत येत असे. वादकांमध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे, आज ज्यांचे नाव आदराने घेतो असे तरुण कलावंत होते. त्याच मुद्रणांच्या वेळी जॉर्जने 'द इनर लाइट' या गाण्याची वाद्यसंगत करून घेतली. ती 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर मार्च १९६८ मध्ये आली आणि बीटल्सच्या एकेरी तबकडीवर जागा मिळालेले जॉर्जचे ते पहिले गाणे ठरले.

आता हा माणूस ट्विकनहॅममध्ये कोणत्या मनःस्थितीत बसला असेल, याचा विचार करावा. ज्याच्या सूचनेप्रमाणे उत्तम वादक वाजवत होते आणि जो स्वतः संगीत रचून ते पूर्णत्वाला नेत होता, त्याला एका गाण्यात गिटारचा कोणता तुकडा कोठे घ्यावा किंवा घेऊच नये, हे आता शिकवले जात होते. त्याची स्वतःची गाणी साचत चालली होती. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणे त्याने या तालमींत पुनःपुन्हा पुढे केले. बाकीचे ते वाजवतात, पण जीव लावून नव्हे. पुढे नोव्हेंबर १९७० मध्ये त्याच नावाचा त्याचा तीन तबकड्यांचा स्वतंत्र अल्बम आला, तेव्हा केवढा साठा अडून राहिला होता ते सर्वांना कळले.

'आय मी माइन'चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. जॉर्जने ते आदल्या रात्री रचून सकाळी सर्वांना ऐकवले, आणि बँड ते वाजवत असताना जॉन वाजवायचे सोडून योकोबरोबर त्यावर वॉल्ट्झ नाचला. दिग्दर्शकाला नाच आवडला आणि तो माहितीपटात राहिला. परंतु गाणे पडद्यावर आहे म्हटल्यावर ते सोबतच्या 'लेट इट बी' अल्बममध्येही हवे. आणि पुरते मुद्रण तर झालेलेच नव्हते. म्हणून ३ जानेवारी १९७० रोजी पॉल, जॉर्ज आणि रिंगो यांनी ते मुद्रित केले. जॉन तेव्हा डेन्मार्कमध्ये होता. ज्या गाण्याला तालमीत कोणी फारसे मनावर घेतले नव्हते, त्याच्यासाठी बँडला वर्षभराने तिघांतच पुन्हा जमावे लागले, आणि तेही एका माहितीपटातल्या काही क्षणांमुळे. या महिन्याचा खरा विरोधाभास मला येथे दिसतो.

तिसरी_घंटा यांचे उत्तर :

फोर्ट_परिसर यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. जॉर्जइतकेच लक्ष तिसऱ्या भागातल्या २८ जानेवारीकडे द्यावे. त्या दिवशी जॉन, अ‍ॅलन क्लाइन या अमेरिकी व्यवस्थापकाला भेटून आल्याचे अतिशय उत्साहाने सांगतो. ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्ये वारल्यापासून बँडला व्यवस्थापक नव्हता. पुढे जॉन, जॉर्ज आणि रिंगो क्लाइनच्या बाजूला गेले, पॉल गेला नाही आणि प्रकरण अखेर न्यायालयात पोहोचले. जॅक्सन हे सर्व सांगत बसत नाहीत; जॉनचा उजळलेला चेहरा तेवढा दाखवतात. ज्याला पुढचे ठाऊक आहे त्याच्या पोटात गोळा येतो, ज्याला ठाऊक नाही त्याला ती साधी गप्पागोष्ट वाटते. आनंदी दृश्यांच्या आड कारणे लपवली आहेत, हा आक्षेप म्हणूनच मला पटत नाही.

मंद्रसप्तक यांचा प्रतिसाद :

घरातल्या तरुण मंडळींना यातले काहीच माहीत नाही आणि त्यांना आता उत्सुकता वाटू लागली आहे. त्यांना दोन्ही दाखवायचे झाल्यास क्रम कोणता ठेवावा?

संकलन_टेबल यांचे उत्तर :

आधी जुना दाखवा. तो ऐंशी मिनिटांत आटोपतो आणि ३१ जानेवारीची ती तीन गाणी त्यात अखंड ऐकायला मिळतात. जॅक्सन यांनी तो दिवस श्रेयनामावलीच्या सोबत तुकड्यांत उरकला आहे. त्यानंतर नव्याचा दुसरा भाग दाखवावा, म्हणजे कीबोर्डवादक बिली प्रेस्टन २२ जानेवारीला येतो आणि खोलीतली हवाच पालटते, ते लक्षात येईल. पाहुणा आला की घरातले लोक नीट वागू लागतात, तसे काहीसे तेथे घडते. पहिला भाग सर्वांत संथ आहे, तो गोडी लागल्यावर पाहिला तरी चालेल.

गच्चीवरची मैफल मात्र नव्यातच पाहावी, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर. ३० जानेवारीच्या त्या बेचाळीस मिनिटांसाठी दहा कॅमेरे लावले होते : काही गच्चीवर, एक समोरच्या इमारतीवर, काही रस्त्यावर आणि एक खाली स्वागतकक्षात लपवलेला. जॅक्सन पडदा विभागून ते एकाच वेळी दाखवतात. वर पाच गाण्यांच्या मिळून नऊ खेपा चालल्या आहेत. थंडी इतकी की जॉनने योकोचा फरचा कोट आणि रिंगोने आपल्या पत्नीचा लाल रेनकोट चढवला आहे. 'डिग अ पोनी'चे शब्द जॉनला आठवत नसल्याने एक साहाय्यक कागद धरून त्याच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला आहे. आणि खाली पोलिसांना शक्य तितका वेळ बोलण्यात गुंतवून ठेवण्याचे काम स्वागतकक्षातली मंडळी अत्यंत निष्पाप चेहऱ्याने करीत आहेत. तरुण मंडळींना गाण्यांआधी बहुधा हेच आवडेल.